दारातली पाठमोरी बाई

गुरम्माची लिंगपूजा नुकतीच आटोपली होती. कपाळावरची विभूती वाळलीही नव्हती. सून दामिनी न्याहारीच्या सुशील्यासाठी मुरमुरे भिजवत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

देगलूरच्या त्या गल्लीत टकटक करून कुणी येत नाही. दूधवाला घंटी वाजवतो, शेजारीण हाक मारत थेट चुलीपाशी येते, आणि रजिया चुडेवाली तर गल्लीच्या तोंडापासूनच ‘चुडेऽऽ, हिरवे चुडेऽऽ’ करत येते. ही टकटक मुकी होती. गुरम्माने हातातलं ताट खाली ठेवलं.

“कोन हाय?”

“मी, अक्का.” बाहेरचा आवाज दबलेला होता.

गुरम्माने फटीला डोळा लावला. हिरवा पदर, डोक्यावर टोपली. ती दोन पावलं मागं सरली आणि सुनेला खुणेनंच गप्प केलं.

“रजिया मावशी आहेत ना?” दामिनी कुजबुजली. “तुम्हीच बोलावलंत त्यांना, माझ्या डोहाळजेवणाचा चुडा भरायला.”

“बोलावलं तवा ठाऊक न्हवतं. आता ठाऊक हाय.”

“काय ठाऊक आहे?”

“फोनच्या गुरुपवर आलंय,” गुरम्मा म्हणाली. जणू कोर्टाचा निकालच आला होता.

ही रजिया मनियार काही काल आलेली बाई नव्हे. बोधनहून लग्न होऊन देगलूरला आली, सासूची टोपली तिच्या डोक्यावर आली, आणि तेव्हापासून या गल्लीतल्या लेकीसुनांचे हात तिच्या हातातून गेले. अंगठा आत दाबून, चार बोटं गोळा करून, गप्पांत गुंतवून ती अशी बांगडी चढवायची की पोरीला दुखलेलं कळायचंही नाही. तेलुगू घरात तेलुगू, कानडी घरात कानडी, आणि घासाघीस सुरू झाली की अस्सल दखनी. चुडा भरून झाला की बाया तिला वाकून नमस्कार करतात. तिथं जात विचारायची नाही, वय बघायचं नाही. गुरम्मासुद्धा दर वेळी वाकत आली होती. रजियाचा नवरा जिलानी गेल्यावर टोपलीच तिचं घर चालवत होती. लेक नाझनीन नांदेडला दवाखान्यात नर्स. तिनं आईला मोठा फोन घेऊन दिला आणि शिकवलं, “अम्मी, भरलेल्या हाताचा फोटो काढ, स्टेटसला ठेव. गिऱ्हाइकाला नमुना दिसतो.” रजियाला ते लई आवडलं.

गुरम्माने फोन पदराला पुसून सुनेपुढं धरला. एक फोटो होता, पाठमोरी बाई, हिरवा पदर, डोक्यावर टोपली, बंद दारापुढं उभी. खाली आवाजी निरोप. कुणी अनोळखी पुरुष घाईघाईनं सांगत होता की चुडेवाल्या बायांची टोळी फिरून राहिली, हाताचे फोटो काढून अंगठ्याचे ठसे चोरून राहिली, खाती रिकामी करून राहिली. दार उघडू नका. आपल्या माणसांना लगेच पाठवा.

“मग? पाठवलंत?”

“पाठवलं की. उदगीरच्या भैनीला, निलंग्याच्या जावेला. वर लिहिलेलं हाय बघ, लई जणांनी पुढं पाठवलंय म्हून. येवढी मान्सं खोटं बोलतील व्हय?”

“येवढ्या माणसांनी पाहिलं असं कुठं लिहिलंय, आत्याबाई? फक्त पाठवलंय. तुम्ही तरी पाहिलंत का?”

“ठसे चोरताना कोन दाखवून चोरतंय?”

बाहेर पुन्हा टकटक झाली. आता आणखी हलकी.

“हा बोलणारा कोण?” दामिनीनं विचारलं.

“आसंल कोनी सायब.”

“कुठल्या गावची गोष्ट सांगतोय? कधीची?”

गुरम्माने निरोप परत लावला. गावाचं नाव नव्हतं, दिवस नव्हता. पण तिचा संशय तेवढ्यानं हटणारा नव्हता. “आवाजाचं सोड. फोटो तर खरा हाय? हिरवा पदर हिचाच हाय.”

“खराच आहे.” दामिनीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. तिच्या कपाळाला आठी पडली. “आत्याबाई, बाईकडं नका बघू. बाईच्या डोक्याच्या वर बघा. चौकटीला काय टांगलंय?”

गुरम्माने चष्मा नीट केला. लाल दोऱ्यात बांधलेला कोहळा. त्याला हळदीकुंकू, काजळाचे दोन डोळे, त्यातला डावा ओघळलेला. अमावस्येला तिनं स्वतःच काढलेले डोळे. डावा काढताना दामिनीनं मागून हाक मारली होती आणि हात हलला होता.

“ह्ये... आपलं दार हाय?”

“आपलंच. टोळीची बाई म्हणून तुम्ही उदगीरला पाठवली, ती तुमच्याच दारात उभी आहे. आणि आत तुम्ही आहात.”

गुरम्मा थोडा वेळ फोनकडं, थोडा वेळ दाराकडं बघत राहिली. “मंग काढला कोनी?” तिचा संशय आता दुसरीकडं वळला. आपल्या दाराचा असा फोटो निघतो तो एकाच जागेवरून, समोरच्या मलप्पाच्या गच्चीवरून.

तिनं कडी काढली.

रजिया आत आली, पण रोजच्यासारखी मांडी घालून बसली नाही. टोपली दोन्ही हातांनी धरून दाराशीच टेकली. तिनं आधी गुरम्माच्या हातातला फोन पाहिला.

“तुम्ही बी ऐकलं म्हना की.”

“तू हाळी का न्हाई दिलीस? चोरावानी टकटक करून राहिली!”

“हाळी कशी देऊ, अक्का? काल चौकात पोरांनी हाळी ऐकूनच गाठलं. टोपली उतरवायला लावली. ‘ठशाचं मशीन दाखव’ म्हनले. माझ्याकडं कुठलं मशीन? काचंवर काच, त्याच्यावर काच. उलटीपालटी केली समदी. अर्धा चुडा वाढवला त्यांनी.” त्या वेळीही तिच्या तोंडून ‘फोडला’ असं आलं नाही. “मीच पोलिसाला बोलवा म्हनले, तवा सोडलं. आज दोन दारं लागली तोंडावर. तुमचं बी लागलं असतं, तर टोपली घरी टांगनार व्हते मी. मान्सं हात देईनात, तर धंदा कशाचा?”

गुरम्माने पाण्याचा तांब्या पुढं केला, तरी तिची नजर रजियाच्या कमरेच्या पिशवीवरच. “तुझा फोन दाखव बरं आधी.”

“आत्याबाई!”

“दाखवू दे की. खरं आसंल तर भ्यायचं काय?”

रजियानं फोन दिला. पडद्यावर हातच हात. हिरवे चुडे, लाल चुडे, मेंदी, गोंदण. एक पंजा उघडा, बोटांच्या रेघा दिसतील इतका जवळून. त्याच्या मनगटावर तीन ठिपक्यांचं गोंदण.

“ही मलप्पाची सून,” गुरम्मा म्हणाली. “आन् ह्यो...” ती अडखळली. “ह्यो माझा हात हाय!”

“तुमचाच. किती जनी इचारतात, कोनाचा हात म्हून. शोभतो की.”

“मला न इचारता?”

“हातच तर हाय, अक्का. त्वांड थोडंच हाय?”

“पण हात त्यांचा आहे, मावशी,” दामिनी तिच्याशेजारी बसत म्हणाली. “निरोप खोटा, तुम्ही काही चोरलं नाही. पण हे फोटो कुणाकुणाकडं जातात, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे? मलप्पाकाकांनी सुनेचा हात पाहिला, त्यांना राग आला असणार. त्यांनी तुमचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘ही बाई हातांचे फोटो का काढते?’ एवढंच विचारलं होतं, आत्ताच ग्रुपवर मागं जाऊन वाचलं मी. तो फोटो कुणीतरी उचलला आणि या जुन्या निरोपाला जोडला.”

“मंग त्याला येऊन मला इचारता आलं न्हाई? दहा पावलांवर तर राहतोय.”

“तुम्हाला तरी आत्याबाईंना विचारता आलं असतं.”

रजियानं गुरम्माच्या हातातून आपला फोन घेतला. मग तो दामिनीपुढं सरकवला. “कसं पुसायचं, दाखव.”

दोघींनी मिळून एकेक फोटो काढून टाकला. स्वतःच्या हाताचा फोटो गुरम्माने जरा रेंगाळून बघितला, मग म्हणाली, “जाऊ दे. पूस.” समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाकून बघत होतं. गुरम्मा ओट्यावर गेली आणि ओरडली, “मलप्पा, वरून काय बघतोस? खाली ये, उघड्या दारातून बघ!” गच्ची रिकामी झाली.

मग टोपलीवरचं फडकं निघालं. जेवढा चुडा शाबूत होता, त्यातून निवडून रजियानं दामिनीचे हात भरले. नेहमीच्या गप्पा नव्हत्या. मधेच ती दाराकडं बघायची. शेवटची बांगडी चढली तशी दामिनी पोट सावरत वाकली. मागोमाग गुरम्माही वाकली, आणि उठताना जरा जास्तच वेळ लावला.

“उदगीरला आन् निलंग्याला मी सांगते,” ती म्हणाली. “गुरुपवर बी लिहिते. ही रजिया हाय, आपल्या गल्लीची हाय, माझ्या घरी चुडा भरून राहिली. पर नुस्तं लिहिलं तर कोन वाचतंय? फोटो पायजे.”

फोन घेऊन ती रजियाच्या मागं जाऊन उभी राहिली. तिथून सुनेचे भरलेले हात छान दिसत होते. बटणावर बोट ठेवलं आणि थांबली.

“रजिया, काढू का?”

रजियानं टोपली डोक्यावर घेतली, पदर सारखा केला आणि तिच्याकडं वळली.

“काढा, अक्का. फकस्त समोरून काढा.”