समुद्रपुराहून समुद्राकडे

बाळांनो,

हिंगणघाटच्या फलाटावर गाडी सुटता सुटता आईनं खिडकीतून माझा हात धरला. "पाण्याजवळ नको जाजो, पोरी."

बाबा हसले. "अवो, पोरगी समुद्रपुरात मोठी झाली. तिले समुद्राचं काय भेव?"

आमच्या समुद्रपुरात समुद्र कसला! चहूकडे कपाशी आणि उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरी. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि बांधकाम खात्यात ओव्हरसियर असलेल्या तुमच्या आजोबांची बदली थेट रत्नागिरीला झाली होती. दोन-तीन वर्षांत परत यायचं ठरलं होतं. त्या भरवशावरच मी गाडीत बसले.

मुंबईहून पुढचा प्रवास बोटीचा. बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला लागायची. गाव लहानसं, जांभ्या दगडाची घरं, तांबडी धूळ, दिवेलागणीनंतर सामसूम. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की मुंबई फार लांब जायची. खाडी ओलांडायची तर होडीवाल्याला हाका मारायच्या. तुम्ही मागच्या खेपेला रेल्वेनं आलात आणि पुलावरून गाडीनं फिरलात, ते शहर नंतरचं. त्यातले काही रस्ते डांबरी होताना मी पाहिले, कारण आजोबा संध्याकाळी डांबराच्या वासासकट घरी यायचे.

पहिल्याच आठवड्यात मी बाजारात विचारलं, "सांबार आहे का?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"सांबार हाटेलात मिळतो, बाई," भाजीवाली म्हणाली. "माझ्याकडं कोथमीर हाय." सगळी ओळ हसली. तिथे माझ्या वर्गातली एक मुलगीही होती. मी नागपूरची बी.ए., मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात होतं: सांबारबाई. मी ते पुसलं, धडा शिकवला, आणि तेव्हापासून प्रत्येक शब्द तोलून बोलू लागले. घरी आजोबांना माझा रोज एकच प्रश्न: "बदलीचं काय झालं?"

मग बाबा आठवडाभर आले. मुली घरी शिकवणीला यायच्या. बाबांनी ओसरीवर बसून त्यांना सरळच विचारलं, "काऊन वो पोरीहो, माह्या लेकीले सांबारबाई म्हणता? मंग मले काय म्हणान, वांगेबुवा?" मुलींनी माना खाली घातल्या, मग एकीला हसू फुटलं. त्यांनी बाबांना माशांची नावं शिकवली. बाबांनी एकही धड म्हटलं नाही. बाबा परत निघाले तेव्हा तीच फळ्यावाली मुलगी म्हणाली, "आजोबा, परत येजो हां!"

पुढे वर्गात मीही तोलणं सोडलं. चुकलेल्या उत्तरावर माझ्या तोंडून "काऊन?" निघायचं आणि मुली कारण सांगायच्या.

आणि मग वर्ध्याची बदली आली. तुमचे आजोबा म्हणाले, "घ्या, झालं तुमच्या मनासारखं. बांधाबांध करा." मी म्हणाले, "मुलींची मॅट्रिक होऊ द्या." दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटून त्यांनी बदली रद्द करून घेतली.

आईला सांगणं उरलं होतं. मे महिन्यात समुद्रपूरला गेले. आई सुपात डाळ पाखडत होती. "आता आम्ही तिथेच राहू म्हणतो," मी म्हणाले. तिचं सूप थांबलं नाही. बाबांनीही पेपरातून मान वर काढली नाही.

निघायच्या दिवशी आईनं डाळीच्या दोन पिशव्या पुढे ठेवल्या. "हे तुमच्या घरी. अन् हे तुह्या गावच्या लोकायले देजो."

तोवर रत्नागिरी तिच्या तोंडी नुसतं "तिकडे" होतं. गाडीत मला रडू आवरेना. एक गाव मिळालं होतं आणि दुसरं त्या दिवसापासून माहेर झालं होतं.

तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तुझं होम नक्की कोणतं?" गाव आपण निवडतो, बाळांनो, पण ते आपलं झालं हे मागे राहिलेल्या माणसानं म्हणावं लागतं. त्याला ते जड जातं. तुमच्या शहराला मीसुद्धा इतकी वर्षं "तिकडे"च म्हणत आले.

तुमच्या गावात आता बर्फ पडायला लागला असेल. कानाला बांधून बाहेर पडा.

— आजी