राखाडी ट्रॅक्टरची ओवाळणी

आठवीत माझी शाळा सुटली. चाकूरकडचं गाव सोडून विष्णुपुरीला आलो आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या मेसवर पोळ्या लाटायला लागलो, ते आजतागायत. मालकानं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, हे उपकार फिटायचे न्हाईत. तरी घरचा फोन वाजला की अजून वाईटच बातमी असेल वाटतं.

वडलांची, अप्पांची पाठ गेल्यापासून तर जास्तच. ट्रॅक्टरवर चढणं बंद झालं. आमचं लाल ट्रॅक्टर चुलता चालवू लागला आणि अप्पा ओसरीवर गप बसून राहू लागले. म्हणून मेसवरच्या एका पोराला विचारून मी त्यांच्या मोबाइलवर शेतीचा गेम विकत घेऊन दिला. त्यात आमच्याच कंपनीचं ट्रॅक्टर होतं. तसंच लाल, आवाजही तोच. अप्पा नांगरायचे, पेरायचे आणि संध्याकाळी मला फोन करायचे, "आज वरचं वावर काढलं बघ."

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली, तेव्हा कुळवाच्या शेजारी मोबाइल ठेवून त्यालाही त्यांनी विभूती लावली. आई म्हणाली, "मग चार्जरनं काय घोडं मारलंय?"

पुढच्या वर्षी ऐन दसऱ्याच्या तोंडावर फोन आला. "लेका, आपलं ट्रॅक्टर कुणी नेलं? हितं राखाडीच काहीतरी उभं हाय."

मला खरंच चोरी झाली वाटलं; मग कळलं, ते गेममधल्या ट्रॅक्टरबद्दल बोलत होते. मेसवरच्या त्या पोरानं शोधून सांगितलं, की ट्रॅक्टर कंपनी आणि गेमवाले कोर्टात भांडले, गेमवाल्यांना ते ट्रॅक्टर काढावं लागलं. मोबाइलमधलं आपोआप बदललं.

"पण पैसे तर आपण दिले ना?"

"त्यांच्या अटीत लिहिलंय, दादा, की गेम आपल्या मालकीचा होत नाही, फक्त वापरायला मिळतो. तरी ग्राहक म्हणून तक्रार करता येते. करू?"

"त्यांनी उलट अप्पांवरच केस केली तर?"

तो हसला आणि त्यानं तक्रार टाकली. त्या पोराचं भलं होवो. पण अप्पांचे संध्याकाळचे फोन थांबले होते. ते पुन्हा गप बसतील, हीच धास्ती घेऊन मी सुट्टी काढली.

घरी मोबाइल कोनाड्यात पालथा पडला होता. खंडेनवमीची पूजा झाली तरी अप्पांनी तो काढला न्हाई. शेवटी आईच ताट घेऊन उठली.

"नवा बैल दारात आला तर पाय धुवून घरात घेता. मग ह्या राखाड्यानं काय केलंय?"

"अगं बाई, ते काचेत हाय!"

"असू द्या. परक्या घरातून आलंय."

तिनं मला गेम लावायला सांगून मोबाइलला ओवाळलं. अप्पांनी नाइलाजानं विभूतीची बोटं काचेवरून ओढली. त्या बोटांनी राखाडी ट्रॅक्टर सुरू झालं आणि धडाधडा कुंपणावर गेलं.

"आरं, आरं! ह्याचा ब्रेक कुठं हाय?" अप्पा पाठ विसरून पुढं वाकले.

निघताना मी भीतभीतच विचारलं, "तक्रार मागं घेऊ का?"

"काहून? ह्या बिचाऱ्याचा काय दोष न्हाई. पण लाल आपण घेतलेलं होतं. चालू ठेव."

तक्रारीचं उत्तर अजून आलं न्हाई. संध्याकाळी फोन मात्र येतो. आज राखाड्यानं बांध फोडला, हे आधी सांगतात. मग हळूच विचारतात, "लालचं काही कळलं का रे?"