मेव्हण्यांचा सीमाप्रश्न

सिंगापूर हा एकच देश आहे असं ज्यांना वाटतं, ते माझ्या मेव्हण्यांच्या घरी कधी जेवायला गेलेले नाहीत. तोआ पायोहमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्येच मुळी चार देश नांदत होते. हे मेव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे मामेभाऊ. पुण्यात राजकीय भूगोलात एम. ए. करून ते पोटासाठी बँकेत शिरले, पण भूगोल काही त्यांच्यातून निघाला नाही. स्वयंपाकघर हे वहिनींचं सार्वभौम राज्य. तिथे फ्रिजपर्यंत जायचं तरी ते दारात उभे राहून परवानगी मागत. मुलीच्या खोलीला बाथरूम नव्हती, म्हणून ती भूवेष्टित. "नेपाळसारखी. तिला शेजाऱ्याच्या मुलखातून वाट द्यावीच लागते," असं म्हणून ते आपल्या बेडरूमचं दार सदैव उघडं ठेवत आणि वहिनी ते सदैव लावून घेत. मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि टीव्ही यांच्यामधला सोफा हा तटस्थ पट्टा. एकदा मी त्यावर आडवा झालो, तर हा भाग निर्लष्करी असल्याचं त्यांनी मला सौम्यपणे सांगितलं. मुलगी इथल्याच शाळेत वाढलेली, बोलण्याचा हेलही इथलाच. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली अ सोफा, लाह."

आम्हा सगळ्यांना घेऊन ते एकदा बसने पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरला निघाले. बाकीचे लोक तिकडे स्वस्तात खरेदी करायला जातात. आमचे मेव्हणे पुलाच्या मध्यावर नेमकी रेषा कुठे आहे ते बघायला चालले होते. पलीकडच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं की सीमा पाहायला आलोय. साहजिकच त्यांना बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. आम्ही बाहेर घाम पुसत उभे, वहिनींचा चेहरा बघवत नव्हता, आणि हे बाहेर आले ते मुंज लागल्यासारखे प्रसन्न. राज्य आणि राष्ट्र यांतला फरक आपल्याला आज खऱ्या अर्थाने कळला, म्हणाले. राष्ट्र मनात असतं आणि राज्य खोलीत बसवून ठेवतं.

या वेडाचं मूळ त्यांच्या गावात होतं. गाव निपाणीजवळचं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा रेषा गावाच्या ज्या बाजूने जायला हवी होती तिच्या दुसऱ्याच बाजूने गेली, असं त्यांच्या घरात रोज जेवताना बोललं जाई. त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमध्ये धारवाडकडचा एक कानडी इंजिनियर राहायला आला, तेव्हा मेव्हण्यांच्या अंगात उत्साह संचारला. कॉरिडॉर दोन्ही घरांचा सामाईक. शेजाऱ्याने तिथे तुळशीची कुंडी ठेवली, ती मेव्हण्यांच्या मते खांबाच्या अलीकडे वीतभर घुसली होती. त्यांनी आपला कढीपत्ता पुढे सरकवला. मग जास्वंद. शेजारी बिचारा गरीब स्वभावाचा. आपण एका वादात पक्षकार आहोत हेच त्याला कितीतरी दिवस कळलं नाही; उलट तो कढीपत्त्यालाही पाणी घालायचा. मेव्हणे त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलत. वाटाघाटी तिसऱ्या भाषेत करायच्या असतात म्हणे. अखेर एक दिवस नोटीस लागली की आगीच्या वेळी वाट मोकळी हवी, सर्व कुंड्या उचला. मेव्हणे दोन दिवस सुन्न होते. ती जमीन दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजाऱ्याची आई गावाहून आली. नऊवारीसारखंच लुगडं, कपाळावर विभूती, आणि तोंडात कानडीखेरीज एक शब्द नाही. एका शनिवारी मी मेव्हण्यांकडे बसलो होतो. मुलगा-सून किराणा आणायला लिटिल इंडियात गेलेले. म्हातारी कशाला तरी बाहेर आली आणि वाऱ्याने दार मागे धाडकन लागलं. आम्ही गेलो तेव्हा ती अनवाणी, भिंतीला पाठ लावून रडत बसली होती. पलीकडची चिनी बाई "आंटी, सिट, सिट" करत पाण्याचा ग्लास पुढे करत होती आणि म्हातारी त्या ग्लासाकडे बघून अधिकच घाबरत होती. मी हिंदीत काहीतरी बोललो. उपयोग शून्य.

मग मेव्हणे तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "यव्वा, अळब्याड्री."

रडू नका, एवढा अर्थ त्या सुरावरूनच मला समजला. म्हातारीने डोळे पुसले. मग दोघं जे बोलायला लागले ते थांबेचनात. गाव, पाऊस, ज्वारी, कुणाची तरी लग्नं, असलं काहीबाही असावं. तासाभराने मुलगा धावतपळत आला, तेव्हा त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि गेलं वर्षभर त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलणारे मेव्हणे कानडीत तिला टाळी देत होते.

घरी आल्यावर मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "आईचं माहेर धारवाडकडचं. बाबा घरात नसले की ती माझ्याशी कानडीत बोलायची. ती गेल्यावर बोलायला कुणी उरलं नव्हतं." एवढं बोलून ते वहिनींची परवानगी न घेता स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. वहिनींनी चक्क टाकू दिला.

पुढे रोज संध्याकाळी ते ऑफिसातून आले की आधी शेजारी जात. म्हातारी त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवायची. तिची राहण्याची मुदत संपली तेव्हा ते विमानतळावर पोचवायला गेले, सोबत मीही होतो. आत फक्त प्रवाशांना सोडतात. तिथे थांबून तिने मेव्हण्यांच्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि हळूच काहीतरी म्हणाली. ते नुसतीच मान हलवत राहिले. ती आत दिसेनाशी झाली तरी ते काचेपाशीच उभे.

परतीच्या गाडीत मी विचारलं, काय म्हणाली.

तानाह मेराह स्टेशनवर आम्ही गाडी बदलली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मराठीत नाही सांगता येणार."