चाळीस पाट्या चिखल

दिवसभर घरी बसून गोष्टी वाचायचं काम मिळालंय, असं मी माहेरी सांगितलं तेव्हा काकी म्हणाली, "मजा हाय गो तुझी." मजा आठवडाभर टिकली. पुढची तीन वर्षं नुसतं काम होतं.

मोबाइलवरचं एक ॲप आहे. त्यातल्या गोष्टी नुसत्या वाचायच्या नसतात, पुढे न्यायच्या असतात. प्रत्येक पानाखाली दोन-तीन बटणं: 'दार उघड', 'परत फिर', 'त्याला खरं सांग'. वाचणारा जे दाबेल तिकडे गोष्ट वळते. या गोष्टी कंपनी लिहीत नाही. कोणीही लिहून पाठवतं, आणि त्या वाचकांपर्यंत जाण्याआधी त्यांत शिवीगाळ, अश्लील, क्रूर असं काही नाही ना, हे मराठीपुरतं मी बघते. नवरा रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला की पेणच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि तो परत आला की मिटायचा. मधल्या वेळात अब्जाधीश मालकाच्या प्रेमात पडलेल्या गरीब सेक्रेटरी किती वाचल्या याला गणती नाही. सगळ्या पहिल्याच पानावर त्याला धडकतात आणि सगळ्यांच्या हातातली कॉफी त्याच्याच शर्टावर सांडते. मला आता कॉफीचा वाससुद्धा नकोसा होतो.

डोळे थकलेत, असं डॉक्टर म्हणाले आणि थेंब दिले. थेंबांनी काही झालं नाही, कारण थकले होते ते डोळे नव्हते. दुसऱ्याचं लिहिलेलं खरं मानायची माझी ताकदच संपत चालली होती. कोणी वर 'ही माझी खरी कहाणी' असं लिहिलं की मला जांभई यायची.

माझ्याआधी यंत्र वाचतं आणि संशय येईल तिथे लाल खूण करतं. एकदा त्याने एक अख्खी गोष्ट अमली पदार्थांच्या खात्यात टाकली. उघडून बघते तर पोपटी! मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. वर पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. माझं माहेर निडीजवळ, वालाच्या शेतांत. थंडीत पोपटी लावली नाही असं एक वर्ष गेलं नसेल. यंत्राला बिचाऱ्याला पाला आणि धूर एवढंच दिसलं. मी एकटीच मोठ्याने हसले आणि गोष्ट सोडून दिली. वरच्या बाईंना, म्हणजे आमच्या टीम लीडना, लिहिलंसुद्धा, "इथे माणूसच लागतो." त्या दिवशी मी मलाच फार शहाणी वाटले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी ती गोष्ट आली. लिहिणारी धरमतरच्या खाडीकाठच्या कुठल्याशा गावची होती. सुरुवातीलाच तिने लिहिलं होतं, 'ही माझ्या आईची गोष्ट आहे. आई अंथरुणाला आहे, आता फार दिवस नाहीत. मंजूर होऊन बटणं चालू झाली की तिचंच बोट धरून तिच्याकडून दाबून घेणार आहे.' मला जांभई आली.

गोष्टीत उधाणाच्या भरतीला खाडीच्या बांधाला खांड पडते, म्हणजे बांध फुटतो आणि खारं पाणी भातात घुसू लागतं. एक बाई त्या खांडीत उतरते, पाण्याला पाठ लावून उभी राहते. इथवर ठीक होतं. पुढच्या पानावर मात्र एकच बटण, 'चिखल टाक'. दाबलं. चिखल तिच्या गुडघ्यांवर आला. खाली परत तेच एक बटण. परत दाबलं. तिच्या केसांत चिखल, तोंडात चिखल, ती ओरडतेय आणि खाली 'चिखल टाक'. 'थांब' असं बटण नाही, 'हात दे' असं बटण नाही. सातव्यांदा दाबल्यावर चिखल छातीला लागला आणि मी थांबले. जिवंत बाई पुरायला लावतेय ही वाचकाला, मी मनात म्हटलं. स्त्रीवरची क्रूरता, वर दुसरा मार्गच ठेवलेला नाही. नियम स्पष्ट होता. गोष्ट नाकारताना आक्षेपाचा मजकूर एका चौकटीत चिकटवावा लागतो. मी ती सातही पानं चिकटवली आणि 'नामंजूर' दाबलं.

तिने काही न बदलता परत पाठवली. मी जुनाच शेरा मारून नाकारली; शेऱ्याखाली आमचं नाव आपोआप जातं. तिसऱ्यांदा पाठवताना वर दोनच शब्द होते, 'पुढे वाचा'. मी वाचलं नाही, तिसऱ्यांदाही नाकारली. माझ्यापुढे त्या दिवशी अजून साठ-एक गोष्टी होत्या, आणि मला वाटलं, ही बाई हट्टी आहे.

तीन नकार झाले की खातं आपोआप बंद होतं. सात दिवसांत तक्रार मान्य झाली नाही तर आतलं सगळं लिखाण पुसलं जातं, आणि बहुतेकजण थेट ॲपमध्येच लिहितात, दुसरी प्रत नसते. हे मला पाठ होतं. तिची तक्रार दुसऱ्याच दिवशी आली होती. पण तक्रारी मी साठवून ठेवायचे, कारण लोक पहिल्याच ओळीत आयाबहिणी काढतात आणि मग दिवसभर चव जाते. तिची मी नवव्या दिवशी उघडली.

शिवी एकही नव्हती. 'बाय, तू खाडीची नाय वाटतं,' तिने लिहिलं होतं. 'आईला कोन पुरत नाय. आई पानी अडवते. त्या दिवशी बांधावर आमी दोघीच व्हतो. मी धा वर्सांची. आई खांडीत हुभी आन चिखल टाकनारी मी. चाळीस पाट्या टाकल्या तवा खांड बुजली आन आई वर आली. चाळीस पाट्या, चाळीस पानं. तू किती टाकल्यास?'

मी दिवस मोजले, सात कधीच उलटले होते. तरी मन चोर असतं. बाई बनाव करत असेल असंही वाटून गेलं. दुपारी मी पेणच्या बाजारात गेले. माझी नेहमीची सुकटवाली त्याच बाजूची. जवळा घेता घेता तिला विचारलं, खांडीत माणूस खरंच उतरतो का?

"मग? मानूस नाय उतरला तर चिखल ठरंल कसा? सगला व्हावून नाय जानार?" तिने मान वर केली नाही.

"उतरणाऱ्याला भीती नाही वाटत?"

"भ्या टाकनाऱ्याला वाटतं गो. आपल्याच मानसाच्या अंगावं टाकायचं असतं. पन थांबला का गेलं शेत. खारं पानी शिरल्यावं दोन-तीन वरसं भात नाय."

माझं माहेर तिथून गाडीने तासाभरावर. आमच्याकडे भात आणि वाल, त्यांच्याकडे भात आणि मीठ. तेवढ्या फरकाने मी परकी झाले होते. पोपटी न कळलेल्या यंत्राला हसणारी मीच ती.

वरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खातं उघडून देते, पण लिखाण गेलं ते गेलं. "होतं असं, मनाला लावून घेऊ नका," असंही म्हणाल्या. मला त्यांचा संताप आला. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सगळीकडे शोधलं. तिच्या गोष्टीतलं एवढंच उरलं होतं: माझ्याच आक्षेपाच्या चौकटीत चिकटवलेली सात पानं. त्यांत ती बाई छातीपर्यंत चिखलात उभी होती.

लेखकांना आपल्या शब्दांत काही लिहायचं नाही, कंपनीची तयार उत्तरं असतात तीच पाठवायची, असा आमच्याकडे दंडक आहे. मी तो मोडला. सातही पानं उत्तरात घातली आणि खाली लिहिलं, 'चूक माझी आहे. मी सातच टाकल्या आणि थांबले. बाकीचं माझ्यामुळे गेलं. एवढंच परत करता येतंय.' 'सहकार्याबद्दल धन्यवाद' ही शेवटची ओळ आपोआप येते, ती खोडली. नोकरी जाईल असं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर गेली असती तरी मी रडले नसते.

ती शिव्या घालील अशी माझी खात्री होती. चौथ्या दिवशी उत्तर आलं. तेवढं एक मी त्याच क्षणी उघडलं.

'सात पाट्या मिलाल्या. बाकीच्या मी परत टाकते. आईला सांगितलंय, अजून जरा येल हुभी ऱ्हा.'