बेगडी राजदंड

काल नातीने शाळेच्या हस्तकलेसाठी खळ शिजवली आणि त्या वासासरशी मी मुलुंडच्या शाळेत जाऊन बसले.

त्या वर्षी विलायतेत राणीचा राज्याभिषेक झाला होता. स्वतंत्र भारतातल्या आमच्या बाईंनी तिचा राजदंड हातात घेतलेला फोटो वर्गात लावला आणि संमेलनातल्या नाटकासाठी तसाच राजदंड करायला सांगितला. ज्याचा उत्तम, तो राजा. मी एरंडाच्या काठीवर सोनेरी बेगड चिकटवली. माझाच उत्तम ठरला.

"आता सुरेशला दे गं. मुलगी कुठे राजा होते?"

"बाई, फोटोत तर बाईच आहे."

"जास्त शहाणपणा नको!"

मी काठी गुडघ्यावर मोडून तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले.

संमेलनात सुरेशने बाईंची फूटपट्टी उगारून राज्य केलं. आता वाटतं, त्या शाळेचा खरा राजदंड ती फूटपट्टीच होती.