ताक सांडलं की गाडी भंगारात

पैज लावता? म्हात्रे साहेबांच्या गाडीचं शेवटी काय झालं ते ओळखून दाखवा. विकली? चूक. जळाली? चूक. पुलावरून पडली? तेवढं नशीब कुठलं. चहा घ्या आणि अंदाज करत रहा. आजवर एकाला पण जमलेलं नाय.

गॅरेजात नट हरवतात, पाने हरवतात, पण किस्से नाय हरवत. झाडू मारला तरी कोपऱ्यात उरतातच. आमचं गॅरेज अंबरनाथला. मालक नाना, मी मिस्त्री. आणि त्या सालात आमच्या सगळ्या किश्शांचं गिऱ्हाईक एकच, म्हात्रे साहेब.

साहेब केमिकल फॅक्टरीत ऑफिसर, राहायला बदलापूरला कात्रपला. अंगाने असे की शर्ट साहेबांनी घातलाय की हँगरने, कळायचं नाय. गाडी पांढरी, सेकंडहँडची पण सेकंडहँड. साहेबांचा सगळा जीव तिच्यात.

वहिनींचं माहेर बारवी धरणाच्या अंगाला, रस्ता सगळा खडीचा. दर रविवारी जायचं, आणि परत येताना आईने दिलेलं ताक कळशीभर, वहिनींच्या मांडीवर. घरी पोचेपर्यंत कळशी रिकामी आणि साडीची कढी.

एक दिवस वहिनी स्वतः गॅरेजात आल्या. साहेब मागे, मान खाली.

"मिस्त्री, गणपतीपर्यंत वेळ देते. तोवर माझं ताक सांडायचं थांबलं तर गाडी राहील. नायतर उल्हासनगरचा भंगारवाला मी बघून ठेवलाय."

त्या गेल्या. साहेबांनी माझा ग्रीसचा हात पकडला. "काहीतरी कर रे. ही बोलते ते करते."

* * *

नाना बोलले, "खडीवर टायर मऊ पायजे. थोडी हवा काढ." बरोबर होतं. मी थोडी काढली. साहेबांना वाटलं, थोडीने एवढा फरक, तर जास्तीने किती! घरी जाऊन त्यांनी आणखी काढली.

रविवारी गाडी एवढी हळू चालली की मागून म्हशी आल्या आणि पुढे गेल्या. गुराखी काचेतून डोकावला. "जावयबापू, ढकलू का?"

साहेबांना राग आला, त्यांनी गाडी दामटली. टायर रिमवरून उतरला. गाडी बसली, ताक उठलं.

* * *

मग उल्हासनगरचा लच्छूभाई. सोफे बनवायचा. बोलला, "साईं, गाडी को छोडो, सीट बनाओ. मी पलंगाची स्प्रिंग टाकतो. लगेगा घर में बैठे हो."

टाकली. पहिल्या खड्ड्याला साहेब वर गेले, स्टिअरिंग खालीच राहिलं. साहेब खाली येईपर्यंत गाडी वर यायला निघालेली. प्रत्येक धक्क्याला छाती हॉर्नवर. गावात शिरले तेव्हा पोरं पैसे घेऊन धावत आली, त्यांना वाटलं कुल्फीवाला.

वहिनी केसातलं ताक पिळत बोलल्या, "तुम्ही गाडी चालवताय की विहिरीत पोहताय?"

* * *

आता माझी अक्कल. मी बोललो, टेम्पो एवढं वजन नेतो, त्याच्या कमानी, चाकावरच्या त्या लोखंडी पट्ट्या, किती दमदार असतील. सीटची स्प्रिंग काढली आणि टेम्पोच्या कमानी कापून गाडीला मागे बसवल्या.

गाडी लाकडासारखी कडक झाली. विडीच्या थोटकावरून गेली तरी साहेबांना कळायचं, विझलेलं होतं की पेटलेलं. त्या रविवारी कळशी सोडा, वहिनींचा अंबाडा पण सुटला.

नाना माझ्यावर पाना घेऊन धावले. "गाढवा, टेम्पोची कमान वजन पडल्याशिवाय वाकते का?"

म्हणजे वजन पायजे. मग डिकीत वाळूच्या गोणी भरल्या. आणि खरंच, गाडी मऊ झाली! साहेब खुशीत शीळ घालत निघाले. पण गोणी फाटकी आणि डिकीला गंजून पडलेलं भोक. निम्मी वाळू जातानाच रस्त्यावर सांडली. मागून एक बाई घमेलं घेऊन चालत होती, तिने सगळी गोळा केली. तिच्या दारातलं तुळशीवृंदावन त्याच वाळूचं.

येताना गाडी परत कडक, साडीची परत कढी. आणि गणपतीआधी एकच रविवार उरला.

* * *

त्या रविवारी साहेब मला बरोबरच घेऊन गेले. वहिनींच्या माहेरी पोचलो. न गळणारं वजन कुठून आणू, या विचारात मी बसलेलो. आणि समोर बघतो तर ओटीवर वहिनींच्या तीन मावश्या. ओटी भरून गेलेली.

मी विचारलं, "मावशी, बदलापूरला येता का, गणपतीच्या बाजाराला? संध्याकाळच्या एसटीने परत."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिघी मागच्या सीटवर. टेम्पोच्या कमानी अशा वाकल्या की गाडीने सुस्कारा टाकला. वहिनी पुढे, मांडीवर काठोकाठ कळशी. साहेब स्टिअरिंगवर. गावाबाहेरच्या आंब्याच्या झाडापर्यंत जाऊन या, मी बोललो.

गेले, आले. पालखी जशी. पण गाडी वहिनींच्या बाजूला जरा कललेली, आणि साडीवर एक थेंब.

वहिनींनी थेंबाकडे बघितलं, मग साहेबांकडे. साहेबांचा चेहरा असा, की गाडी नाय, मुलगी सासरी चाललीय.

मी गाडीला एक फेरी मारली. चाकं बघितली, कमानी बघितल्या. तोंड एकदम डॉक्टरसारखं. "साहेब, गाडीत आता एकच दोष राहिलाय."

"कुठला? सांग, लगेच काढू."

"तुम्ही."

मावश्या एवढ्या हसल्या की गाडी हलली. मी तर मस्करीत बोललेलो. पण वहिनींनी ओटीकडे बघून हाक मारली, "दामू, इकडं ये रं."

दामू वहिनींचा भाऊ. जीप चालवायचा आणि कुस्ती खेळायचा. तो साहेबांच्या जागी बसला आणि गाडी सरळ झाली, अशी की कळशीत ढग दिसत होते. कात्रपपर्यंत एक थेंब नाय. साहेब आणि मी मागून एसटीने पोचलो.

"गाडी राहिली," वहिनी बोलल्या.

आणि गाडी राहिली. पुढची कित्येक वर्षं दर रविवारी ती बारवीहून निघायची. पुढे दामू आणि वहिनी, मागे बाजाराला निघालेल्या तीन मावश्या. दामूला कात्रपहून घरी परत जायला सायकल लागायची. ती कुणीतरी गाडीच्या मागे चालवत आणायला पायजे ना.

एकदा मी खडीच्या रस्त्यावर साहेबांना गाठलं. उभ्याने पॅडल मारत होते, सीटवर बसवत नव्हतं. पुढे धुरळ्यात त्यांची गाडी डौलात चाललेली.

"साहेब, सायकलचं काही करू का? थोडी हवा काढू?"

साहेब थांबले नाय. नुसते बोलले, "हात लावशील तर बघ."