मांडीचं लुगडं

पोर साडेतीन वर्षांची होती आणि मला माय म्हणायची. खरं तर मी तिची मावशी. माझी धाकटी बहीण बाळंतपणानंतर दीड महिन्यात गेली, तेव्हा तिचा नवरा पोरीला म्हसावदजवळच्या आमच्या गावी आणून सोडून गेला. मीही तेव्हा माहेरीच होते. लग्नानंतर दोनच वर्षांत कुंकू पुसून परत आलेली बाई, तिला शेतातल्या आणि घरातल्या कामाखेरीज कोण काय देतं? मला पोर मिळाली. शेळीचं दूध, मग पेज, मग भाकरीचा कुस्करा, असं करत मी तिला वाढवलं.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात दाजींचा निरोप आला. ते नवापूरला लाकडाच्या वखारीत कारकून होते. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं आणि आता पोर परत हवी होती. आमच्या वडिलांनी मान डोलावली. ज्याची पोर त्याच्या घरी, एवढंच बोलले आणि बैलं सोडायला गेले. मी भांडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी एक सवलत मिळाली: मीच पोरीला पोचवायचं, चार दिवस राहायचं, आणि ती नाहीच रमली तर परत आणायचं.

निघताना आईनं माझ्या गाठोड्यात एक नवं हिरवं लुगडं घातलं. आमच्यात त्याला मांडीचं लुगडं म्हणत. मेलेल्या बायकोच्या माहेराहून ते नव्या बायकोला जातं. ते नेसल्यावरच तिनं सवतीचं मूल मांडीवर घ्यायचं, भरवायचं. त्याआधी हात लावायचा नाही. नाहीतर मेलेलीचा जीव मुलाभोवती घोटाळतो असं मानत. आई लुगडं घडी करताना रडत होती. मी मात्र मनात गणित मांडत होते. लुगडं नाही तर मांडी नाही, आणि मांडी नाही तर पोर माझी.

प्रकाशा गावाशी नावेतून तापी ओलांडली, नंदुरबारला एका नातेवाइकाकडे मुक्काम केला, आणि सकाळच्या गाडीला बायकांच्या डब्यात बसलो. पोरीनं आगगाडी पहिल्यांदाच पाहिली होती. इंजिनानं शिटी दिली तशी ती माझ्या काखेत शिरली, पण गाडी चालू लागताच खिडकीत जी उभी राहिली ती हलेना. धुरातला कोळशाचा कण डोळ्यात गेला तेव्हा रडली, पदराच्या टोकानं मी तो काढला, की पुन्हा खिडकीत. दशमी आणि केळं तिनं उभ्यानंच खाल्लं. प्रत्येक स्टेशनाला विचारायची, "उतरानं का, माय?" आणि मी म्हणायची, "नही, अजून दूर शे." ते दूर कायम दूरच राहावं असं मला वाटत होतं.

"आपुन कथा जाई ऱ्हायनूत?" तिनं विचारलं.

"तुन्हा बापना घर."

"मंग परत कव्हय येवानं?"

मी तिला दुसरं केळं सोलून दिलं.

खांडबाऱ्याला डोंगराकडची एक बाई चढली. कडेवर तान्हं पोर, तापानं फणफणलेलं, अंगावर एक विरलेलं फडकं. चिंचपाड्याला उतरून दवाखान्यात जायचं होतं तिला. तिची बोली मला धड कळत नव्हती, पण माझ्या पोरीकडे बोट दाखवून तिनं विचारलं ते कळलं. तुझी का?

"मन्हीच शे," मी म्हणाले.

उतरायच्या आधी तिनं तान्ह्याला फडक्यात आवळायला घेतलं आणि फडकं फाटलं. मी गाठोडं सोडलं, हिरवं लुगडं काढलं आणि तिच्या हातात कोंबलं. ती घेईना. मी रागावूनच दिलं. डब्यातल्या बायका म्हणाल्या, मोठं पुण्य केलं बाई. पुण्य कसलं डोंबलाचं! त्या तान्ह्याची मला दया आली हे खरं, पण माझ्या गाठोड्यात माझं स्वतःचं एक लुगडं होतं. ते मी दिलं नाही.

नवापूरला दाजी स्टेशनवर आले होते. पोर त्यांच्याकडे जाईना, मला ते बरं वाटलं. वखारीमागच्या खोलीच्या दारात नवी बायको उभी होती. मी जी कल्पना केली होती त्यातलं तिच्यात काही नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची, हाडकुळी पोरगीच. नुकतीच न्हालेली, केस ओले. गळ्यात माझ्या बहिणीच्या नावाचा चांदीचा टाक, मेलेल्या सवतीसाठी दुसरेपणाची बायको घालते तो. तिनं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि आणलं असेल म्हणून आशेनं गाठोड्याकडे बघितलं.

"ताई, लुगडं लई उनात ना?"

"नही," मी म्हणाले. "ऱ्हाई गयं."

ती आत गेली. आतून शेवयांची खीर घेऊन आली आणि वाटी माझ्यापुढे ठेवली, मी पोरीला भरवावं म्हणून. सकाळपासून ती स्वतः जेवली नव्हती, हे बघायला आलेल्या शेजारणीनं सांगितलं. पोर वाटीकडे धावली, उंबऱ्याला अडखळली आणि तोंडावर आपटली. त्या हाडकुळ्या मुलीचे दोन्ही हात पुढे आले आणि मधेच थांबले. तिनं ते मागे घेऊन पोटाशी धरले. पोर रडत होती, ओठातून रक्त येत होतं, आणि मुलगी जागच्या जागी उभी राहून रडत होती. मी पोरीला उचललं, पण मला माझीच शिसारी आली. पोरीसाठी हात पुढे येणं काय असतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मी गाठोडं पुन्हा सोडलं. माझं जुनं, धुऊन धुऊन विटलेलं लुगडं तेवढं होतं. ते पुढे केलं तशी शेजारीण ओरडली, "अवं, रांडावलेलीनं लुगडं सवाशीनले कसाले देतीस?"

"खरं शे तिन्हं," मी म्हणाले. "नको नेसू तू."

"द्या," ती मुलगी म्हणाली. "बहिणीकडलंच शे ना?"

ती ते नेसून आली आणि पोरीपासून हातभर दूर भिंतीला टेकून बसली. बोलावलं नाही, चुचकारलं नाही. पोर माझ्या कडेवरून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उतरली, गेली, आणि त्या लुगड्याचा पदर दोन्ही मुठींनी नाकाशी धरला. घरी झोपताना ती माझा पदर असाच धरायची. हळूच त्या मुलीनं तिला मांडीवर घेतलं. खिरीचे चार घास होतात न होतात तोच पोर झोपली.

चार दिवस राहायचं ठरलं होतं. मी दुसऱ्याच सकाळी निघाले. पोर तिच्या कुशीत निजलेली होती. दाजी म्हणाले, उठवतो, भेटून जा. मी नको म्हटलं. उठली असती तर आमच्या दोघींपैकी कोणाकडे आली असती, ते मला बघायचं नव्हतं.